देरसूची माणसं आणि अंबा वाघ

(सामुदायिक रेडिओवर मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालेलं भाषण)

चुलीवर भात असेल तर असू द्या, रेडिओ तेवढा जवळ घ्या. आज मी कर्जाच्या हप्त्याचं काही बोलणार नाही.

मोहाचा हंगाम तोंडावर आलाय. गेल्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले, आणि मग बोलणं निघालं ते वाघाचं. मागच्या वर्षी शेजारच्या गावची एक बाई पहाटे मोह वेचायला गेली, ती परत आली नाही. तिचं नाव मी इथं घेत नाही, तिची लेकरं रेडिओ ऐकत असतील. बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग आपल्या गटातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "वाघासंग बोलता आलं असतं व बाई, तर सांगितलं असतं त्याले, आमी फुलंच वेचतो म्हणून." कुणी हसलं नाही. मी आजीला म्हटलं, आजी, वाघाशी बोलणारा एक माणूस होऊन गेला आहे, पण आपल्याकडे नाही, लांब रशियात. त्याची गोष्ट रेडिओवर सांगते. म्हणून आज ही गोष्ट.

मला ती कळली एका प्रशिक्षणात. रात्री जेवणानंतर पडद्यावर जुना सिनेमा लावला होता, 'देरसू उझाला' नावाचा. अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकानं १९७५ साली काढलेला, ऑस्कर मिळालेला. निम्म्या बाया झोपल्या, मी जागी राहिले. नंतर तो ज्या पुस्तकावरून काढला ते पुस्तक मिळवलं. इंग्रजीत होतं. बी.ए.ला इंग्रजी असलं तरी मला डिक्शनरी घेऊनच बसावं लागलं, आख्खा पावसाळा गेला.

आधी जागा सांगते. रशिया म्हटलं की आपल्याला मॉस्को माहीत. हा भाग मॉस्कोहून आगगाडीनं सात दिवसांवर आहे, पार पूर्वेच्या टोकाला, चीनला लागून, समुद्राच्या काठी. व्लादिवोस्तोक नावाचं बंदर आहे, त्याच्या वरच्या बाजूला उस्सुरी नदीचा मुलूख आणि सिखोते-आलिन नावाचे डोंगर. हिवाळ्यात थंडी उणे तीस अंशांपर्यंत उतरते, नद्या गोठतात, त्यावरून माणसं चालत जातात. पण उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि जंगल इतकं दाट होतं की त्यात रानद्राक्षांचे वेल चढतात. अस्वल आहे, रानडुक्कर आहे, सांबरासारखं मोठं हरीण आहे, आणि वाघ आहे. हो, बर्फातला वाघ. आपल्या वाघाचाच भाऊबंद, पण अंगावर दाट लांब केस, आणि रंगानं थोडा फिका.

या मुलखात १९०० साली एक तरुण लष्करी अधिकारी बदलून आला. व्लादिमीर आर्सेन्येव त्याचं नाव. काम नकाशे काढायचं. कुठं नदी, कुठं खिंड, कुठं वस्ती, हे लिहून घ्यायचं. शिपाई आणि घोडे घेऊन महिनोन्‌महिने रानात. तो साधा नकाशेवाला नव्हता, त्याला झाडं, पक्षी, जनावरं, तिथली माणसं या सगळ्याचा नाद होता, आणि रोज रात्री शेकोटीपाशी बसून तो वही लिहायचा. ती वही लिहिली नसती तर देरसू आपल्याला कळलाच नसता. आपल्या गटाच्या इतिवृत्ताची वही लिहायला कंटाळा करणाऱ्या सचिवबाई ऐकतायत ना?

एका रात्री अशीच शेकोटी पेटलेली होती. घोड्यांनी कान टवकारले. अंधारात दगड घरंगळल्याचा आवाज आला. अस्वल असेल म्हणून एका शिपायानं बंदूक उचलली. तेवढ्यात अंधारातूनच आवाज आला की गोळी घालू नका, माणूस आहे. उजेडात आला तो पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद छातीचा एक शिकारी. हरणाच्या कातड्याचे कपडे, जुनी बंदूक, पाठीवर पिशवी. हा देरसू. गोल्ड जमातीचा, आता त्या लोकांना नानाई म्हणतात. जन्म रानातला, आयुष्य रानातलं, घर नाही. आर्सेन्येवनं बायका-पोरांची चौकशी केली तर बराच वेळ बोलला नाही. मग कळलं की बायको, मुलगा आणि मुलगी देवीच्या साथीत गेली. रोग पसरू नये म्हणून झोपडी त्यांच्यासकट जाळावी लागली होती. तेव्हापासून एकटा.

दुसऱ्या दिवशीपासून तो वाटाड्या म्हणून बरोबर चालायला लागला, आणि पुढे १९०६ आणि १९०७ च्या लांबच्या मोहिमांतही तो होता. आर्सेन्येवनं पुस्तकात काही प्रसंग पुढेमागे जुळवलेत असं अभ्यासक सांगतात. गोष्ट सांगणारा तेवढं करतोच.

देरसूची नजर ऐका. वाटेवर बुटांचे ठसे दिसले. आर्सेन्येवला नुसते ठसे दिसले. देरसूनं सांगितलं की म्हातारा माणूस गेलाय. कशावरून? तरुण माणूस चवड्यावर जोर देतो, त्याचा बूट पुढून झिजतो. म्हातारा टाचेवर भार टाकतो, त्याचा मागून झिजतो. मी हे वाचलं आणि उठून घरातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघितल्या. सासूबाई म्हणाल्या, हिला काय झालं? पण खरं सांगते, सासूबाईंची चप्पल मागूनच झिजलेली होती.

आणि त्याचं बोलणं. मोडकीतोडकी रशियन बोलायचा, आणि त्याच्या भाषेत सगळी 'माणसं' होती. रानडुक्कर माणूस, खार माणूस, मुंगी माणूस. आग माणूस, पाणी माणूस, वारा माणूस, आणि रागावले की ही माणसं फार वाईट. आग रागावली तर कित्येक दिवस रान जळतं. आणि सगळ्यांत मोठा माणूस सूर्य, तो मेला की सगळेच मेले. शिपाई हसायचे. आपण हसणार नाही. आपणही आगीला पाय लावत नाही आणि रानात शिरताना वाघदेवाच्या दगडापुढे थांबतो.

एकदा जेवण झाल्यावर उरलेला मांसाचा तुकडा आर्सेन्येवनं शेकोटीत टाकला. देरसूनं झटकन तो आगीतून ओढून बाहेर फेकला आणि चिडला. कशाला जाळता? आपण उद्या इथून जाणार, मग इथं दुसरी माणसं येतील, जेवतील. आर्सेन्येवला वाटलं, या रानात कोण माणसं येणार? देरसूनं मोजून सांगितली. कावळा येईल, उंदीर येईल, मुंगी येईल.

इथं मला थोडं थांबायचं आहे. आपण मोहाच्या झाडाखाली काय करतो? फुलं नीट दिसावीत म्हणून पालापाचोळा पेटवून देतो. मीही लहानपणी आईबरोबर पेटवलाय. पाचोळ्यात किती माणसं असतील देरसूच्या हिशोबानं? आणि आग झाडाखालीच थांबते असं नाही, वारा सुटला की वणवा. बैठकीत हे काढलं तेव्हा एकीनं तोंडावर सांगितलं, "ताई, झाडून काढाले दोन घंटे लागते, तुमी येता का झाडाले?" तिचं बरोबर आहे. म्हणून नुसतं जाळू नका म्हणून भागत नाही. जुन्या साड्या शिवून किंवा हिरवी जाळी झाडाखाली बांधून फुलं वरच्या वर झेलणाऱ्या बाया आहेत. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहतं, आणि पहाटे अंधारात वाकून वेचत बसावं लागत नाही. वाकलेलं माणूस मागून वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं जनावर दिसतं. हे वाकणं जेवढं कमी होईल तेवढं बरं. गटाच्या पैशातून जाळी घ्यायची का, हे बैठकीत बोलू.

परत रानात चला. वाटेत एक पडकी झोपडी लागली. पाऊस थांबला, सगळे निघायच्या तयारीत, आणि देरसू झोपडीचं छप्पर नीट करत बसलेला. मग लाकडं तोडून आत रचली. मग आर्सेन्येवकडे थोडे तांदूळ, मीठ आणि काड्यापेटी मागितली, ते झाडाच्या सालीत बांधलं आणि झोपडीत टांगून ठेवलं. परत यायचा विचार आहे का तुझा? नाही. मग कुणासाठी? दुसरं कुणी येईल, भुकेलं, भिजलेलं, त्याला कोरडी लाकडं मिळतील, खायला मिळेल, तो मरणार नाही. आर्सेन्येवनं लिहिलंय की हे ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली, कारण त्याच्या शिपायांनी उरलेलं सरपण निघताना गंमत म्हणून जाळून टाकलं असतं.

आणि त्या माणसानं आर्सेन्येवचा जीव वाचवला. खांका नावाचं मोठं सरोवर आहे तिथं, काठाला मैलोन्‌मैल दलदल आणि गवत. दोघंच फिरायला गेले आणि चकव्यात सापडले. पक्षी घाईघाईनं दक्षिणेकडे निघाले होते. देरसूनं ते बघूनच ओळखलं की वादळ येतंय. बर्फाचं वादळ म्हणजे काय, आपल्याला कल्पना येणार नाही. अंधार पडत होता, आसऱ्याला एक झाडसुद्धा नाही. देरसू ओरडला, गवत काप, जेवढं होईल तेवढं काप. आर्सेन्येव कापत राहिला, हात बधिर झाले, शेवटी पडला. देरसूनं त्याच्यावर गवताचा ढीग रचला, दोऱ्यांनी आवळला, आणि स्वतःही आत शिरला. वरून बर्फ पडलं, ढीग गोधडीसारखा गरम झाला. सकाळी दोघंही जिवंत बाहेर आले. धान्याच्या कणगीला आपण गवताचं वेढण घालतो, तशीच ही युक्ती. फक्त आत माणूस.

आता वाघ. तिथले लोक वाघाला 'अंबा' म्हणतात. मी वाचता वाचता थबकले. आपली अंबा वाघावर बसते, तिथं वाघच अंबा! शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, योगायोग आहे. पण मला तो आवडला, म्हणून सांगितला.

एकदा दोघं आपल्याच वाटेनं माघारी वळले, तर आपल्या पावलांच्या ठशांवर वाघाचे ताजे पंजे. म्हणजे तो मागून येत होता. देरसू थांबला, झुडपांकडे तोंड करून मोठ्यानं बोलायला लागला. काय पाहिजे तुला, मागं मागं का येतोस, आम्ही आमच्या वाटेनं चाललोय, तुझ्या वाटेला जात नाही, एवढं मोठं रान, तुला जागा कमी पडते का, असं काहीसं. वाघ निघून गेला. देरसूचं म्हणणं, त्याला कळलं. तरुणपणी त्यानं एक वाघ मारला होता, त्याची रुखरुख त्याला आयुष्यभर राहिली.

आजी, आता तुमच्यासाठी खरं सांगते. देरसू बोलला तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती. तो उभा होता, वाकलेला नव्हता. आणि वाघ मागं आहे हे त्याला आधी कळलं होतं. आपल्या त्या बहिणीला यातलं एकही मिळालं नाही. बोलून वाघ जातो असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण घोळक्यानं, उजाडल्यावर, मोठ्यानं बोलत-गात जायचं, वाटेवरचे पंजे बघत जायचं, आणि ताजे दिसले तर त्या दिवशी माघारी फिरायचं, एवढं आपल्या हातात आहे. एक दिवसाच्या मोहाचे पैसे बुडतात, मला माहीत आहे.

तिकडच्या वाघाची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्या रानात पाइनची एक जात आहे, तिच्या फळात बिया असतात, आपल्याकडच्या चिलगोझ्यासारख्या. त्या बियांवर रानडुकरं पोसतात आणि रानडुकरांवर वाघ. पाइन तुटला की डुक्कर उपाशी, डुक्कर कमी झालं की वाघ उपाशी. थंडीमुळे तिथं सावजही विरळ असतं, म्हणून तिथल्या एका वाघिणीला पोट भरायला सुमारे ४०० चौरस किलोमीटर रान लागतं. भारतात चांगलं सावज असलेल्या रानात वाघिणीचं वीसेक चौरस किलोमीटरमध्येही भागतं. म्हणून आपल्याकडे वाघ दाटीनं राहतात आणि आपल्या वाटेतही जास्त येतात.

आर्सेन्येवच्या नंतर तिथं शिकार आणि लाकूडतोड इतकी वाढली की वाघ संपायला आला. १९३५ साली सिखोते-आलिनचं राखीव जंगल झालं. तिथं लेव कप्लानोव नावाचा तरुण अभ्यासक हिवाळ्यात बर्फावर घसरपट्ट्या बांधून वाघांच्या मागावर फिरायचा. त्याच्या अंदाजानं तिथं वीस-तीसच वाघ उरले होते. शिकार बंद करा असं त्यानं लिहून ठेवलं. १९४३ साली चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला गोळी घालून मारलं. वय तेहतीससुद्धा पुरं नव्हतं. त्याचं ऐकलं गेलं ते तो गेल्यावर. १९४७ मध्ये सोव्हिएत सरकारनं वाघाच्या शिकारीवर बंदी घातली. आपल्याकडे ती यायला आणखी वीसेक वर्षं लागली. २०१५ च्या मोजणीत तिथं पाचशेवर वाघ निघाले.

म्हणजे सगळं छान झालं असं नाही. सोव्हिएत राज्य मोडलं, लाकडाचे कारखाने बंद पडले, रानातल्या गावांना काम उरलं नाही. सोबोलोन्ये नावाच्या अशाच एका गावात १९९७ च्या डिसेंबरात वाघानं एका माणसाला मारून खाल्लं. तपास करणाऱ्यांनी बर्फातल्या खुणा वाचल्या. त्या माणसानं आधी वाघाला गोळी घातली होती, आणि जखमी वाघ त्याच्या झोपडीपाशी त्याची वाट बघत बसून राहिला होता. त्यानंतर त्यानं गावातला आणखी एक तरुण मारला, तेव्हा पथकानं वाघाला गोळ्या घातल्या. तो माणूस वाईट होता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पोटासाठी रानात गेला होता. वाघालाही दोष देता येत नाही. असं दोन्ही बाजूंनी वाईट वाटणं मला आपल्याकडच्या घटनांमुळे चांगलं ओळखीचं आहे.

एक चांगलीही सांगते. २०१२ च्या हिवाळ्यात शिकाऱ्यांना बर्फात एक वाघाचं पिल्लू सापडलं. मादी, आई नाही, उपासानं मरायला टेकलेलं, शेपटीचं टोक थंडीनं मेलेलं. शिकाऱ्यांनीच ते वाचवलं बरं का. नाव ठेवलं झोलुश्का, म्हणजे आपल्या पोरींच्या पुस्तकातली सिंड्रेला. तिला माणूस दिसू न देता वाढवलं, जिवंत सावज सोडून शिकार शिकू दिली, आणि २०१३ मध्ये बास्ताक नावाच्या जंगलात सोडलं, जिथं वाघ राहिलेच नव्हते. दोन वर्षांनी कॅमेऱ्यात ती दिसली, दोन बछड्यांबरोबर.

देरसूचं काय झालं ते राहिलं. वय झालं तशी त्याची नजर अधू झाली. नेम चुकायला लागला. शिकाऱ्याला दिसेनासं झालं तर त्यानं खायचं काय? आर्सेन्येवनं त्याला खाबारोव्स्क शहरात आपल्या घरी आणलं. प्रेमानं आणलं. पण तिथं पाण्याला पैसे, लाकडाला पैसे. नदी भरलेली वाहतेय आणि माणूस पाणी विकत घेतोय, हे देरसूच्या डोक्यात बसेना. बागेतलं झाड सरपणाला तोडलं म्हणून पोलिसांनी धरलं. खोलीत तासन्‌तास शेकोटीसमोर बसून राहायचा. पोराच्या फ्लॅटमध्ये नागपूर-पुण्याला जाऊन आलेल्या आपल्या किती सासवा असंच सांगतात. शेवटी १९०८ मध्ये तो परत रानात जायला निघाला, पायी. वाटेत चोरांनी मारला. बहुधा बंदुकीसाठी. ती बंदूक आर्सेन्येवनंच दिलेली होती असं सिनेमात दाखवलंय.

त्याला रानातच पुरलं, दोन मोठ्या पाइनच्या खाली. काही काळानं आर्सेन्येव तिथं गेला तर झाडं नव्हती. रेल्वेसाठी दगडाची खाण निघाली होती, रस्ता झाला होता, वस्ती उठली होती. जागा सापडली नाही.

बरं, आता निरोप. बुधवारी दुपारी तीनला बैठक आहे, शाळेच्या व्हरांड्यात. पहिला विषय मोहाचा. जाळीचा भाव मी तालुक्याहून विचारून आणते, जुन्या साड्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन या. पहाटे एकटीनं जाणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत, त्यांनी तर नक्की या. आणि आजी, तुम्हाला आणायला मी येते, वाट बघा.